'मेयर'चे भाषांतर : नगरप्रमुखाची निवड, कारभाराची रचना आणि तौलनिक वाचन

निकोलाय गोगोल याचे 'रेव्हिझोर' (१८३६) हे नाटक भारतीय वाचकाच्या हाती बहुधा इंग्रजी भाषांतरातून येते. त्यातील भ्रष्ट नगरप्रमुख हा इंग्रजीत अनेकदा 'मेयर' होतो, आणि 'मेयर' म्हटले की आपल्याकडील वाचकाला निवडून आलेला, मतदारांना उत्तरदायी असलेला, निदान तसे असण्याचे सोंग तरी करावे लागणारा पुढारी दिसू लागतो. मूळ रशियन शब्द 'गोरोदनिची' असा आहे. गोरोदनिची हा वरून नेमलेला अधिकारी असे. जिल्ह्याच्या गावातील पोलीस व प्रशासन त्याच्या हाती असे, आणि हे पद १८६२ मध्ये रद्द झाले. त्याच रशियात १७८५ च्या कॅथरिनच्या नगर-सनदेनुसार निवडून दिलेला दुसरा एक नगरप्रमुखही होता. गोगोलच्या नाटकाच्या केंद्रस्थानी मात्र तो नाही. तेथे आहे तो नेमणुकीचा माणूस, आणि म्हणूनच त्याला भीती वाटते ती राजधानीहून येणाऱ्या तपासनिसाची. गावातील व्यापारी त्याच्याविरुद्ध तक्रार घेऊन जातात तेही त्या तोतया तपासनिसाकडेच. गावात त्याला जाब विचारण्याची दुसरी जागा उपलब्ध नसते. पु. ल. देशपांडे यांनी या नाटकाचे मराठी रूपांतर केले त्याचे नाव 'अंमलदार' असे आहे. सत्ता वरून खाली उतरते हे त्या एका शब्दात जितके स्पष्ट होते तितके 'मेयर' या शब्दात होत नाही.

हेन्रिक इब्सेनच्या 'एन फोल्केफिएंडे' (१८८२) या नाटकाबाबतही हेच घडले आहे. डॉक्टर स्टोकमनचा थोरला भाऊ पीटर हा इंग्रजी भाषांतरात 'मेयर' आहे. मूळ पात्रयादीत तो 'बीफोग्द' आणि पोलीसप्रमुख आहे. नॉर्वेत १८३७ च्या कायद्यांनी निवडून आलेल्या नगरसभा अस्तित्वात आल्या होत्या व त्यांच्या अध्यक्षाला 'ओर्डफरर' म्हणत. बीफोग्द हा त्याहून वेगळा, राज्याने नेमलेला अधिकारी. म्हणजे नाटकातील संघर्ष 'सत्य विरुद्ध बहुमत' एवढाच नाही. नेमलेला अधिकारी आणि घरमालकांचे संघटित मत यांची युती कशी होते, हाही त्या नाटकाचा विषय आहे. सत्यजित राय यांनी 'गणशत्रु' (१९८९) या चित्रपटात ही कथा बंगालमधील चंडीपूर नावाच्या गावी आणली तेव्हा डॉक्टरचा भाऊ नगरपालिकेचा अध्यक्ष झाला. हा बदल वेशभूषेच्या बदलाइतका किरकोळ नाही. अध्यक्ष निवडून आलेला असल्यामुळे त्याच्या तोंडची लोकभावनेची भाषा अधिक धोकादायक ठरते, कारण ती त्याच्या पदाचीच भाषा असते.

प्रश्न असा की, गावाचा किंवा नगराचा प्रमुख कोणी निवडायचा, आणि निवडल्यावर त्याच्या हाती काय द्यायचे? हे दोन प्रश्न साधारणतः एकच समजले जातात. वास्तविक ते निराळे आहेत. प्रमुखाची निवड थेट मतदारांनी केली तरी त्याचे हात रिकामे असू शकतात, आणि सभासदांनी निवडलेला प्रमुख सर्वाधिकारी असू शकतो. तौलनिक साहित्याभ्यासकाने कादंबरीतील वा नाटकातील स्थानिक सत्तेचे चित्र वाचताना हे दोन धागे वेगळे ठेवले नाहीत, तर त्याचे वाचन भाषांतरकाराच्या सोयीवर अवलंबून राहते.

मुंबईचे उदाहरण या दृष्टीने फार बोलके आहे. १८६५ च्या कायद्याने मुंबईत 'जस्टिस ऑफ द पीस' मंडळींची पालिका आणि तिच्यावर एक कमिशनर अशी रचना झाली. ऑर्थर क्रॉफर्ड याच्या हाती खर्चाची अनिर्बंध सत्ता आली व त्याविरुद्ध करदात्यांचा क्षोभ उसळला. १८७२ च्या कायद्याने निवडून आलेले सभासद आले. फिरोजशहा मेहता यांचा ज्याच्या घडणीत मोठा वाटा होता त्या १८८८ च्या कायद्याने पालिका, स्थायी समिती आणि आयुक्त अशा समकक्ष अधिसत्ता निर्माण केल्या. कार्यकारी सत्ता मात्र सरकारने नेमलेल्या आयुक्ताकडे ठेवली. सभासदांना आयुक्त नको असेल तर एकूण सभासदसंख्येच्या पाच-अष्टमांश मतांनी त्याला परत पाठवण्याची मागणी करता येते; त्याची नेमणूक करता येत नाही. १९३१ मध्ये पालिकेच्या अध्यक्षाला 'मेयर' हे अभिधान मिळाले. पद तेच राहिले, अधिकारही तेच राहिले, भारदस्तपणा तेवढा वाढला.

पुढे या अभिधानाला 'महापौर' असा प्रतिशब्द मराठीत रूढ झाला. त्याचे श्रेय सावरकरांच्या भाषाशुद्धीच्या चळवळीकडे दिले जाते. शब्द डौलदार आहे, पण त्याच्या डौलाने एक गैरसमजही रुजवला आहे. 'पौर' म्हणजे नगरवासी. 'महापौर' म्हणजे नगरवासीयांतील श्रेष्ठ. 'समानांत पहिला' हा अर्थ त्यात आहे, 'कारभारी' हा अर्थ नाही. वृत्तपत्रे मात्र महापौराकडून कारभाऱ्याची अपेक्षा करतात आणि रस्त्यातील खड्ड्यांबद्दल त्यालाच जाब विचारतात. 'आयुक्त' हा शब्द याच्या नेमका उलट आहे. तो 'नेमलेला' एवढेच सांगतो आणि आपल्या हातातील सत्ता विनयाने झाकून ठेवतो.

कलकत्त्याने दुसरी वाट धरली. सुरेंद्रनाथ बॅनर्जी यांनी मंत्री असताना घडवून आणलेल्या १९२३ च्या कायद्याने तेथे मुख्य कार्यकारी अधिकारी नेमण्याचा अधिकार, सरकारच्या संमतीने का होईना, पालिकेकडे आला. १९२४ मध्ये चित्तरंजन दास महापौर आणि सुभाषचंद्र बोस मुख्य कार्यकारी अधिकारी अशी जोडी आली, ती या तरतुदीमुळेच. निवडून आलेल्या पक्षाने आपलाच माणूस प्रशासनाच्या शिखरावर बसवला ही गोष्ट ब्रिटिश सत्तेला रुचणे शक्य नव्हते. त्याच वर्षी बोस यांना स्थानबद्ध करण्यात आले. १९८० च्या कायद्याने कलकत्त्यात 'महापौर परिषद' आली: महापौर आणि त्याने निवडलेले सभासद मिळून मंत्रिमंडळासारखे काम करतात, आणि आयुक्त त्यांच्या हाताखाली असतो. मुंबईत १९९८ मध्ये हीच पद्धत आणून पाहिली गेली आणि पुढच्याच वर्षी ती गुंडाळण्यात आली. शंभराहून अधिक वर्षे आयुक्ताभोवती उभी राहिलेली कामाची वहिवाट एका दुरुस्तीने बदलत नाही, असा तिचा अर्थ लावता येईल. किंवा मुंबईची तिजोरी स्थानिक मंडळाच्या हाती पूर्णपणे जाऊ देण्याची राज्यकर्त्यांची तयारी नव्हती, असाही. दुसरा अर्थ अधिक पटण्याजोगा आहे.

राज्यघटनेने या बाबतीत काय ठरवले हे पाहिले तर आश्चर्य वाटते. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या दुरुस्तीने नगरपालिकांना घटनात्मक दर्जा दिला, मुदत पाच वर्षे ठरवली, स्त्रियांसाठी एकतृतीयांश जागा राखल्या. परंतु अध्यक्षाची निवड कशी व्हावी हे अनुच्छेद २४३-आर ने राज्य विधिमंडळावर सोडले. त्र्याहत्तराव्या दुरुस्तीतील अनुच्छेद २४३-सी यानेही ग्रामपंचायतीच्या प्रमुखाबाबत तसेच केले. मधल्या आणि जिल्हा पातळीवर मात्र अध्यक्ष सभासदांतूनच, सभासदांनीच निवडावा असे बंधन घातले. म्हणजे ज्या पातळीवर माणसे एकमेकांना नावानिशी ओळखतात त्याच पातळीवरील निवडीची पद्धत ही राज्यातील सत्ताबदलाबरोबर बदलण्याजोगी गोष्ट झाली.

महाराष्ट्राचा इतिहास याची साक्ष देतो. नगरपालिकांच्या अध्यक्षाची थेट निवडणूक १९७४ मध्ये झाली, मग ती मागे पडली. २००१ मध्ये ती पुन्हा आली. काही गावांत अध्यक्ष एका पक्षाचा आणि बहुमत दुसऱ्याचे अशी स्थिती उद्भवली व सभा ठप्प होऊ लागल्या. २००६ मध्ये ती पद्धत रद्द झाली, २०१६ मध्ये परत आली, २०२० मध्ये गेली आणि २०२२ मध्ये पुन्हा आली. सरपंचाच्या बाबतीत २०१७, २०२० आणि २०२२ या तीन वर्षांत तसेच येणे-जाणे झाले. डिसेंबर २०२५ मधील नगरपरिषद व नगरपंचायत निवडणुकांत अध्यक्ष थेट मतदारांनीच निवडले. प्रत्येक वेळी विधानसभेत लोकशाहीच्या तत्त्वांची चर्चा झाली, पण एक साधी गोष्ट नजरेआड करता येत नाही: ज्या पक्षाला राज्यपातळीवर लोकप्रियतेची लाट अनुकूल वाटते तो थेट निवडणुकीकडे झुकतो, आणि ज्याची मदार गावोगावच्या गटांवर व आघाड्यांवर असते तो सभासदांकरवी निवडीकडे. मुंबई महापालिकेला तर मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यावर जानेवारी २०२६ पर्यंत निवडणुकीचीच वाट पाहावी लागली. तोवर आयुक्त हाच प्रशासक होता, आणि महापौर कसा निवडावा हा वाद त्या अवधीत निरर्थक झाला होता.

या दोन पद्धतींतून दोन वेगळी कथानके निर्माण होतात, याकडे साहित्याच्या अभ्यासकाने विशेष लक्ष द्यावे. सभासदांनी सरपंच निवडायचा असेल तर सगळे नाट्य निवडणुकीच्या निकालानंतर सुरू होते. सात किंवा नऊ माणसे, त्यांतील काठावरचे दोघे, त्यांना सहलीच्या नावाखाली दूर नेऊन ठेवणे, देवळातील शपथा, परतल्यावर हात वर करण्याचा क्षण, आणि दोन वर्षांनी अविश्वासाचा ठराव. हे बंद खोलीतले, मोजक्या पात्रांचे नाटक आहे; त्यात मत हे वस्तूसारखे मोजता येते आणि प्रत्येक मताला चेहरा असतो. थेट निवडणुकीत हेच नाट्य निकालापूर्वी, चव्हाट्यावर घडते. जातींची बेरीज, भावकीतील फूट, मिरवणूक, जेवणावळी. तेथे सभासद दुय्यम होतात आणि गर्दी हे पात्र बनते. थेट निवडलेल्या सरपंचाला काढायचे तर सभासदांचे विशेष बहुमत पुरत नाही, ग्रामसभेचा कौलही लागतो. त्यामुळे अविश्वासाचा ठराव हे जे ग्रामीण कथेचे हुकमी वळण, त्याची धार बोथट होते. मराठी ग्रामीण कथेत सरपंच हा बहुधा 'ठरवलेला' माणूस असतो, 'जिंकलेला' नसतो. हे केवळ लेखकांच्या दृष्टीचे वैशिष्ट्य नसून ज्या काळात ती कथा बहरली त्या काळच्या कायद्याचेही आहे.

श्रीलाल शुक्ल यांची 'राग दरबारी' (१९६८) ही हिंदी कादंबरी याच्याशी ताडून पाहावी. शिवपालगंजचे वैद्यजी स्वतः प्रधान होत नाहीत. ते आपल्या दारात भांग घोटणाऱ्या सनीचरला प्रधान करतात. निवडणूक गावकऱ्यांनी करायची आहे, म्हणून निवडणूक जिंकण्याच्या 'पद्धती' कादंबरीत शास्त्रासारख्या वर्णिलेल्या आहेत. त्यांपैकी महिपालपूरची पद्धत घड्याळाच्या काट्यांवर चालते: निवडणूक-अधिकाऱ्याचे घड्याळ ज्याच्या बाजूने चुकते तो निवडून येतो. येथे विनोदाचे लक्ष्य भ्रष्टाचार हे आहेच, पण त्याहून खोल असा एक मुद्दा आहे. थेट निवडणुकीमुळे सत्ता लोकांकडे जाईल असे ज्यांना वाटते त्यांना शुक्ल दाखवतात की, सत्ता वैद्यजींच्या बैठकीतच राहते, फक्त पदावर बाहुले बसते. सनीचरची निवड हा दुबळ्या माणसाचा विजय वाटतो आणि तो तसा नसतो.

याच्या अगदी उलट घटना इंग्लंडमध्ये प्रत्यक्षात घडली. तेथे २००० पर्यंत नगरसभांचा कारभार समित्यांमार्फत चाले. शिक्षणाची समिती, घरांची समिती, आणि प्रत्येक सभासद कोणत्या ना कोणत्या समितीवर. २००० च्या स्थानिक शासन कायद्याने बहुतेक नगरसभांना ही पद्धत सोडून तीन पर्यायांतून निवड करायला लावली: सभेने निवडलेला नेता व त्याचे मंत्रिमंडळ, थेट निवडलेला मेयर व त्याचे मंत्रिमंडळ, किंवा थेट निवडलेला मेयर व नेमलेला व्यवस्थापक. तिसरा पर्याय एकट्या स्टोक-ऑन-ट्रेंटने वापरला आणि पुढे तो कायद्यातूनच गळला. मेयर हवा असेल तर सार्वमत घ्यावे लागे. हार्टलपूल या बंदराच्या गावाने मेयरला कौल दिला आणि मे २००२ मध्ये स्टुअर्ट ड्रमंड यांना निवडले. ते स्थानिक फुटबॉल संघाचे शुभचिन्ह असलेल्या माकडाचा वेष घालून मैदानावर नाचणारे तरुण होते. शाळेतील मुलांना फुकट केळी हे त्यांचे आश्वासन होते. नेपोलियनच्या युद्धकाळात फुटलेल्या जहाजातून किनाऱ्याला लागलेल्या एका माकडाला फ्रेंच हेर समजून या गावाने फाशी दिले, अशी दंतकथा आहे. तेच माकड आता नगरप्रमुख झाले. मिखाईल बाख्तिनच्या वाचकाला येथे उत्सवातील 'विदूषक-राजा' आठवल्याशिवाय राहणार नाही. पण बाख्तिनच्या उत्सवात राजा दिवस मावळताच पदच्युत होतो. ड्रमंड यांनी वेष उतरवला, काम शिकून घेतले, आणि ते २००५ व २००९ मध्ये पुन्हा निवडून आले. नोव्हेंबर २०१२ च्या सार्वमतात गावाने मेयरचे पदच रद्द केले व २०१३ पासून समित्यांची पद्धत स्वीकारली. सनीचर आणि ड्रमंड या दोघांनाही गंमत म्हणून, किंवा कुणाच्या तरी नाकावर टिच्चून, पद मिळाले. एकाच्या मागे वैद्यजी होते आणि दुसऱ्याच्या मागे कोणी नव्हते, हाच काय तो फरक, आणि तो निर्णायक आहे.

इंग्लंडमधील नंतरचा प्रवासही लक्षणीय आहे. २०११ च्या कायद्याने समिती-पद्धत पुन्हा सर्वांना खुली झाली. मे २०१२ मध्ये दहा शहरांत मेयरसाठी सार्वमत झाले. नऊ शहरांनी नकार दिला आणि एकट्या ब्रिस्टलने, सुमारे २४ टक्के मतदानात, होकार दिला. दहा वर्षांनी, मे २०२२ मध्ये, त्याच ब्रिस्टलने सुमारे ५९ टक्के मतांनी मेयरपद रद्द करून मे २०२४ पासून समित्यांचा कारभार पत्करला. शेफील्डमध्ये तर नागरिकांनी सह्या गोळा करून सार्वमत घडवून आणले आणि मे २०२१ मध्ये नेता-मंत्रिमंडळ पद्धत मोडीत काढली. त्या शहरातील रस्त्यांच्या कडेची निरोगी झाडे तोडण्यावरून वर्षानुवर्षे जो संघर्ष चालला होता त्याची पार्श्वभूमी या मागणीला होती. आपण निवडून दिलेल्या सभासदाला निर्णयात स्थानच नाही, मूठभर मंत्री ठरवतात आणि बाकीचे प्रश्न विचारतात, हा अनुभव लोकांना झाडांमुळे आला. मात्र जुलै २०२५ मध्ये संसदेत मांडलेल्या विधेयकाच्या मूळ मसुद्यात समिती-पद्धत पुन्हा काढून घेण्याची तरतूद होती. नगराने कशी रचना निवडावी हे ठरवण्याचा अधिकार शेवटी कोणाकडे, हा लंडन आणि मुंबई या दोन्ही ठिकाणचा सारखाच प्रश्न आहे.

थेट निवडीच्या पुरस्कर्त्यांनी सिमल्याचे उदाहरणही अभ्यासावे. २०१२ मध्ये तेथे महापौर व उपमहापौर थेट मतदारांनी निवडले आणि ही दोन्ही पदे मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाला मिळाली. २५ सभासदांच्या सभेत त्या पक्षाचे सभासद होते तीन. मतदारांनी प्रभागात पक्ष पाहिला आणि शहरासाठी माणूस पाहिला, असा याचा सरळ अर्थ. तो मतदारांच्या प्रगल्भतेचा पुरावा मानता येतो. परंतु त्या माणसाला प्रत्येक ठरावासाठी विरोधकांची मनधरणी करावी लागणार हेही त्यांनीच ठरवून टाकले होते. २०१७ च्या निवडणुकीपूर्वी सिमल्यात पुन्हा सभासदांकरवी निवड आली. थेट निवडलेल्या प्रमुखाला अधिकार न देता केवळ जनादेश देणे ही त्याची फसवणूक आहे, आणि मतदाराचीही.

निवडणूक हीच प्रतिनिधित्वाची एकमेव खूण मानण्याचा आजचा संस्कार जुन्या साहित्यावर लादतानाही सावध राहावे लागते. जोतीराव फुले १८७६ पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सभासद होते ते सरकारनियुक्त म्हणून. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतावरील खर्चाला विरोध करणारे तेथील एकमेव मत त्या नियुक्त सभासदाचे होते. १८८२ मधील रिपनच्या ठरावानंतर निवडून आलेल्या जागा वाढल्या, पण मताधिकार मालमत्तेवर आधारलेला असल्याने त्या जागा कोणाच्या वाट्याला गेल्या हे सांगण्याची आवश्यकता नाही.

अखेर भाषांतरकाराच्या मेजावरची एक अडचण. जॉर्ज एलियटच्या 'मिडलमार्च' (१८७१-७२) मधील व्हिन्सी हे मेयर आहेत आणि टॉमस हार्डीच्या 'द मेयर ऑफ कॅस्टरब्रिज' (१८८६) मधील हेन्चर्डही मेयर आहे. पहिली कथा १८२९ ते १८३२ या काळात घडते, म्हणजे १८३५ च्या नगरपालिका कायद्यापूर्वी, जेव्हा जुन्या पालिकांतील मंडळी बहुधा स्वतःच आपले वारस निवडत. दुसरी त्यानंतरची, जेव्हा करदात्यांनी निवडलेली सभा दरवर्षी आपला मेयर निवडे. हेन्चर्ड पडतो आणि फारफ्रे त्या जागी येतो तो बाजारपेठेतील पत कोणाकडून कोणाकडे गेली याची नोंद सभेने केल्यामुळे. जनतेच्या मतदानाचा तेथे संबंध नाही. मराठीत हेन्चर्डला 'महापौर' म्हणावे तर कॅस्टरब्रिज हे महानगर नाही. 'नगराध्यक्ष' हा शब्द अधिक जवळचा, शिवाय सभेने निवडण्याचा अर्थ त्याला एके काळी चिकटलेला होता. आता अध्यक्ष थेट निवडला जात असल्याने आजचा वाचक त्यातून वेगळेच काही समजेल. आणि मेयरपदावरून उतरल्यावरही हेन्चर्ड न्यायासनावर बसलेला असतो, त्याच्यासमोर ती लापशी विकणारी म्हातारी उभी केली जाते आणि ती त्याचे जुने पाप भर कोर्टात उघड करते. नगराध्यक्षाला न्यायदानाचा अधिकार कसा, हे मराठी वाचकाला तळटीप दिल्यावाचून कळणार नाही. आणि तो प्रसंग तळटिपेवर अडखळला तर कादंबरीचा कणाच निखळतो. मुलकी आणि न्यायदानाचा अधिकार एकाच हाती असलेला 'मामलेदार' हा शब्द येथे एका परीने जुळतो, पण मामलेदार नेमलेला असतो.